मशिनी बंद पडल्या म्हणून

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हाच किस्सा ऐकताना गजाननानं माझ्या धुतलेल्या चादरीवर चहा सांडला होता. आणि हसू येणारच, कारण इतका मोठा बावळटपणा सेलू तालुक्यात दुसऱ्या कोणी केल्याचं निदान माझ्या तरी कानावर नाही.

बसस्टँडच्या मागं टायपिंग इन्स्टिट्यूट होती ना, ती माझी, राहत्या घरातच. या भागातले निम्मे कारकून माझ्या हाताखालून गेले. बटणाकडं बघून टाइप करणाऱ्याच्या बोटावर मी पट्टी मारायचो. ‘बटण डोळ्यानं शोधायचं नसतं, बोटाला माहीत पाहिजे,’ हे माझं ठरलेलं वाक्य. ते जरा ध्यानात असू द्या.

पुढं टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले. मग सगळं मोबाईलवर यायला लागलं आणि शिकणारी पोरं गेली. समोरच्या खोलीत तीन कॉम्प्युटर उरले, त्यांच्यावर बायकोनं जुन्या निळ्या साडीचे शिवलेले अभ्रे. मग बायकोही गेली.

रिकामं घर खायला उठतं म्हणतात. माझं उठतही नव्हतं. नुसतं बसून माझ्याकडं बघायचं. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलो की तेही मागं यायचं. दिवसभरात माझा आवाज मला फक्त दूधवाल्यापुढं ऐकू यायचा, आणि त्याच्यापुढं बोलून बोलून बोलणार काय? ‘अर्धा लिटर.’ झालं.

पोरगा निखिल पुण्याला नोकरीत. रविवारी त्याचा फोन. ‘जेवले? गोळी घेतली? काई लागते का?’ मी म्हणायचो, हो, हो, नाई. संपलं. त्याची आई होती तेव्हा बरं होतं. ती तासभर बोलायची आणि मी मागून ओरडायचो, ‘मी मजेत आहे म्हणून सांग त्याले.’ बापलेकांचं बोलणं असंच तिच्यामार्फत चालायचं. ती गेली आणि आमच्यातली तारच तुटली म्हणा ना.

तर दिवाळीला पोट्टा आला. त्यानं ते अभ्रे उचलून बघितलं आणि म्हणाला, ‘बाबा, हे रिकामे काऊन ठेवले? यांच्यावर इंटरनेटवरचं नाणं काढू.’

‘नाणं? कुठून पडते ते?’

‘पडत नाई, बाबा. जगभरातले कॉम्प्युटर मिळून गणितं सोडवतात. जो सोडवते त्याले थोडंसं नाणं भेटते. ते मोठं नाणं आहे ना, त्याले गोदामभर मशिनी लागतात. हा त्याचा लहान भाऊ समजा. घरच्या कॉम्प्युटरवर निघते.’

‘हातात भेटते का?’

‘नाई. दिसते फक्त.’

म्हटलं, दिसू दे. आयुष्यभर दुसऱ्यांचे कर्जाचे अर्ज टाइप केले, त्यातले पैसेही मला फक्त दिसायचेच. विजेचं बिल तो पुण्याहून मोबाईलवर भरणार होता, म्हणून मी फार खोलात गेलो नाही. जाताना त्यानं दोन गोष्टी बजावल्या. बंद करायचं नाही, आणि गरम होऊ द्यायचं नाही.

तो गेला आणि खोलीत तिन्ही मशिनी घूं करत बसल्या. खोटं सांगत नाही, मला फार बरं वाटलं. घरात कोणीतरी काम करतंय. मी तिथंच खुर्ची टाकून पेपर वाचायला लागलो. मधूनच सवयीनं म्हणायचो, ‘पाठ सरळ.’ थंडीत त्यांच्या मागच्या गरम हवेवर विरजण ठेवलं की दही असं लागायचं, की सुरीनं कापावं. नाणं नाही दिसलं, पण दही दिसलं.

एक दिवस लाईन गेली. मशिनी चिडीचूप. मी उठून खिडकी उघडतो न उघडतो तोच फोन वाजला. वार मंगळवार आणि फोन निखिलचा.

‘बाबा, मशिनी बंद काऊन आहेत?’

‘तुले कसं समजलं रे?’

‘मले इथं मोबाईलवर दिसते ना. लाईन गेली का? थांबा, आली की पुन्हा चालू करावं लागन. मी सांगतो, तुम्ही दाबा.’

लाईन येईपर्यंत तो फोनवर राहिला. आता नुसतं गप्प कसं राहणार? मग ऑफिसातल्या साहेबाचं निघालं, तिथल्या पोह्यांवर चण्याची झणझणीत तर्री ओतत नाहीत त्याचं निघालं. मग तो हसला. पोरगं हसलं की त्याच्या आईसारखा ‘हं’ काढतं, हे मी विसरूनच गेलो होतो.

पुढच्या आठवड्यात पुन्हा लाईन गेली. पुन्हा फोन. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रविवारी तीन प्रश्न. पण मशीन बंद पडली की पोट्टा लगेच हजर, आणि चालू होईपर्यंत जागचा हलत नाही.

मग मी काय केलं असेल? बरोबर. बटण दाबलं.

‘बाबा, लाईन गेली?’

‘गेली ना रे. इकडं काई खरं नाई.’

‘बरं, आता आली का? मंग डावीकडचं गोल बटन दाबा.’

‘कोणतं? हे का?’

‘ते स्क्रीनचं आहे, बाबा. खालचं, डब्ब्याचं.’

‘डब्बा कोणता रे?’

ज्या माणसानं निम्म्या तालुक्याला कॉम्प्युटर शिकवला, तो पोराला विचारतोय डबा कोणता. लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगू? त्या वेळी माझ्याइतका सुखी माणूस जिल्ह्यात नसेल. पोरगं किती सबुरीनं सांगायचं. मी कधी कोणाला इतक्या सबुरीनं शिकवलं नाही.

एकदा चव लागली की माणूस सुटतो. लाईन गेली, उंदीर शिरला, पाल चढली, शेजारच्या लग्नाच्या मांडवानं वीज ओढली. ते लग्न तर मी असं रंगवून सांगितलं, की निखिल म्हणाला, ‘नवरी कोणाची हो?’ शेजारी फक्त रिकामा प्लॉट आहे.

व्हायचं तेच झालं. पोट्ट्याला काळजी लागली. त्यानं आमच्या गल्लीतल्या गजाननला पाठवलं. गजानन वायरमन. टायपिंगला माझ्याकडंच होता, दोनदा नापास. त्यानं मीटर बघितलं, बोर्ड बघितले, चहा घेतला आणि म्हणाला, ‘सर, लाईन तं एकदम चकाचक आहे तुमची.’

झाली ना पंचाईत. आता लाईनवर ढकलता येईना. तोवर उन्हाळा लागलेला. निखिलनं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, ‘लाईन नाई रे, मशिनी गरम होऊन राह्यल्या. त्याच्यानं बंद पडतात.’

मला तो घाबरल्यासारखा वाटला. ‘मंग त्याईले थंड ठेवा, बाबा. जळून जातीन.’

आता तुम्हीच सांगा. उन्हाळा भरात आलेला, आपल्या भागातला माणूस, आणि त्याला कोणी सांगितलं की थंड ठेव. तो काय करेल? कूलरच लावेल ना? आपल्याकडं माणूस तापला तर कूलर, पाहुणा आला तर कूलर, लग्नाच्या मांडवात तर नवरदेवाआधी कूलर येतो.

शिवाय खोटं बोलल्याचं मनात कुठंतरी खात होतंच. म्हटलं, निदान सेवा तरी खरी करू. गच्चीवरचा लोखंडी कूलर मी आणि गजाननानं उतरवला, त्याला नव्या गवताच्या जाळ्या लावल्या आणि मशिनींच्या तोंडासमोर उभा केला. गजानन गेला. मी वाकून पाइपानं टाकी भरली आणि पंप सोडला. काय गारवा सुटला! त्या तिघी मजेत. मी मात्र मागच्या खोलीत ओला पंचा डोक्यावर घेऊन आडवा झालो.

दुपारी उठलो तर तिघींचंही घूं बंद. कूलर तेवढा भणाणतोय. या वेळी मी बटणाला हातसुद्धा लावला नव्हता. खरोखर बंद पडल्या होत्या. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी मनात म्हटलं, वा, आज तर खोटंही बोलावं लागणार नाही. आता येईलच फोन.

कूलरच्या आवाजात फोन ऐकू येणार नाही म्हणून मी कूलर बंद केला. त्या उन्हात. घाम पुसत खुर्चीवर बसलो. काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं.

फोन आला नाही.

चहा केला, तो निवला. बाहेर ऊन उतरलं. फोन नाही. मग मला राग आला. मग राग गेला आणि दुसरंच काहीतरी आलं. वाटलं, कंटाळलं पोरगं. किती दिवस म्हाताऱ्याला डबा कोणता ते सांगेल? त्या खोलीत मशिनींचाही आवाज नव्हता, कूलरचाही नव्हता. बायको गेल्यानंतरसुद्धा ते घर मला इतकं मोठं वाटलं नव्हतं. मी रडलो की नाही ते विचारू नका. घाम होता म्हणा.

तेवढ्यात दारावर धडाधडा थापा.

‘सर! दार उघडा! जित्ते आहे ना?’

दार उघडलं तर गजानन, आणि त्याच्या मागं अर्धी गल्ली. कोणाच्या हातात लिंबूपाणी, कोणाच्या हातात दार तोडायची पहार.

‘फोन काऊन नाई उचलत, सर? निखिल दुपारपासून फोन लावून राह्यला. शेवटी मले केला.’

‘खोटं. माझा फोन वाजलाच नाई.’

‘फोन आहे कुठं तुमचा?’

मी खिशाला हात लावला. टेबल बघितलं. उशी उचलून बघितली. गजाननानं कूलरकडं बघितलं, मग माझ्या शर्टाच्या वरच्या खिशाकडं बघितलं आणि टाकीत हात घातला.

‘सर,’ तो म्हणाला, ‘हा मासा तुमचाच का?’

पाणी भरायला वाकलो तेव्हाच पडला असणार. अर्धी गल्ली हसली. मी म्हटलं, ‘लाव तुझ्यावरून निखिलले, मी जित्ता आहे म्हणून सांग.’

‘सांगतो. पण तो गाडीत बसला, सर. निघाला तो तिकून.’

दुसऱ्या दिवशी भर उन्हात तोंडाला रुमाल बांधून पोट्टा दारात उभा. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मशिनी उघडल्या. आत गवताच्या काड्या आणि थेंबच थेंब.

‘बाबा, कूलर कोणं लावला?’

‘तूच म्हटलं ना थंड ठेवा.’

‘थंड म्हटलं होतं, बाबा. ओलं नाई.’

मी मान खाली घालून उभा. पट्टीची वाट बघणारं पोर उभं राहतं तसा. म्हटलं, आता सगळं सांगून टाकावं. ‘निखिल, ते लाईनचं आहे ना...’

‘माहीत आहे मले.’ तो स्क्रू पिळतच होता. ‘लाईन जाते तेव्हा तिन्ही एकदम मरतात. तुम्ही दर खेपेला शिस्तीत बंद करे, आधी मधलं, मंग बाजूचे दोन. मले तिकडं सगळं दिसे.’

‘पहिल्यापासून?’

‘पहिल्यापासून.’

‘मंग गजाननले काऊन धाडलं?’

‘तुम्ही कसे दिसून राह्यले ते पाह्याले.’

‘आणि मले विचारलं काऊन नाई?’

‘विचारलं असतं तं तुम्ही बंद करणं सोडून दिलं असतं.’

त्यानंतर मी आत जाऊन बराच वेळ चहाचं भांडं घासत बसलो. ते आधीच घासलेलं होतं.

मशिनी काही वाचल्या नाहीत. पोट्ट्यानं तिन्ही उचलून गजाननाच्या गाडीत टाकल्या, वर्ध्याला नेल्या, आणि त्या तिथंच भंगारात राहिल्या. अभ्रे मी ठेवून घेतले. त्यानं मला नवा फोन आणला आणि समोर बसवून शिकवलं.

‘हे माझं नाव. हे हिरवं बटन. दाबलं की मी उचलतो.’

‘आणि काम नसलं तं?’

‘नसलं तरी दाबा ना. इतके दिवस तुम्ही तिघीले बंद करून मले बोलावलं. सरळ हे दाबलं असतं तं?’

आता हसा. हा तो बावळटपणा. अख्ख्या तालुक्याच्या बोटांना बटणं शिकवली आणि माझ्या बोटाला हे एक ठाऊक नव्हतं. पण आमच्यात बाप काम असल्याशिवाय फोन करतच नाही हो. माझ्या बाबांनी मला उभ्या आयुष्यात एकदाच फोन केला होता, काका गेले तेव्हा.

तो पुण्याला पोचला. दोन दिवस मी धीर गोळा केला. तिसऱ्या दिवशी समोरच्या खोलीत उभा राहिलो, टेबलावर नुसते तीन अभ्रे, आणि हिरवं बटण दाबलं.

पहिल्याच रिंगला उचललं. आवाज घाबराघुबरा. ‘बाबा? काय झालं? कोण गेलं?’

सगळं पाठ केलेलं विसरलो. तोंडाला येईल ते बोललो. ‘कोणी नाई रे. ते... लाईन गेली. मशिनी बंद पडल्या.’

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज. मग आईसारखा तो ‘हं’ ऐकू आला.

‘असं का?’ पोट्टा म्हणाला. ‘बरं, घाबरू नका. मी आहे फोनवर. डावीकडचं गोल बटन दाबा.’

आणि काय सांगू तुम्हाला, मी खरंच खाली वाकून टेबलाखाली डबा शोधायला लागलो.