नदीकाठच्या प्लॉटवरचे एकवीस ठोके

माती तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. हिंजवडीत कंपन्या आल्या तशा इमारती भराभर उठू लागल्या आणि आम्हाला जेवायचीही उसंत मिळेना. त्यातच नदीकाठचा एक प्लॉट माझ्या वाट्याला आला आणि झोपच उडाली. नेमकं तिथेच होणाऱ्या इमारतीत बाबांनी घर बुक केलं होतं. दुसऱ्या कुणाला पाठवा म्हटलं, तर साहेब म्हणाले, दुसरं आहे कोण? बाबांनी बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत जन्म काढला. कारकुनीतून निवृत्त झाल्यापासून ते नव्या गॅलरीतल्या कुंड्यांबद्दलच बोलत.

जमिनीखाली ओली, सैल वाळू असली तर भूकंपात ती पिठल्यासारखी पातळ होते आणि इमारत खचते. म्हणून बोअर घ्यायचं, तळाशी नळी टेकवायची आणि वरून वजन पाडत ठोके मोजायचे. नळी फूटभर आत जायला जितके जास्त ठोके, तितकी जमीन घट्ट.

त्या दिवशी बाबा हट्टाने साइटवर आले. बोअरवाल्या मिस्त्रींशी जयभीम झाला, गप्पा रंगल्या. जेवणानंतर ठोके सुरू केले, तर सहातच नळी आत! म्हणजे खाली सैल वाळू. खोटा आकडा लिहावा असं मनात आलं, कशाला लपवू? मग स्वतःचाच राग आला आणि सहा लिहिले.

"लिहिलंस?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग झालं." ते लांब जाऊन दगडावर बसले.

मला बघवेना. उगाच बोअरमध्ये डोकावले, तर आत पाणीच नाही. मिस्त्री कौतुकाने म्हणाले, "तुमचे वडील बघाया आले, म्हनून पानी उपसून साफ केलंय."

अरे देवा! पाणी उपसलं की भोवतीच्या पाण्याच्या दाबाने तळातली वाळू उसळून सैल होते. मग ठोके कमीच भरणार. मी मिस्त्रींवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. नंतर त्यांना चहाही मीच पाजला.

शेजारी दुसरं बोअर घेतलं. ते काठोकाठ भरलेलं राहावं म्हणून बाबा स्वतः बादलीने पाणी ओतत राहिले. ठोके मोठ्याने मोजले तेही त्यांनीच. एकवीस. त्याखाली चोवीस, मग कडक मुरूम. मला रडूच फुटलं.

बाबांनी माझी वही मागून घेतली, चष्मा लावून पाहिली.

"ते सहा खोडू नकोस. शेजारी कारण लिही," म्हणाले, आणि गॅलरी कुठल्या बाजूला येणार ते विचारायला मिस्त्रींकडे गेले.