शैलाताईने न भरलेलं बिल

शाळेच्या ऑफिसात दाखले लिहीत बसलो होतो तेव्हा शैलाताईच्या मनीषाचा फोन आला. "काका, आई गेली." दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. मी हातातला दाखला पुरा केला, शिक्का मारला आणि तसाच खुर्चीत बसून राहिलो… शैलाताई माझी नात्याने कुणी नव्हती. मुलुंडच्या आमच्या गल्लीत तिचं मसाला कांडप, आणि त्याच्या भिंतीला लागून माझी खोली. तीस वर्षं मी तिच्या मिरची कुटणाऱ्या डंकांच्या ठोक्यांवर उठलो आणि शिंकत दाढी केली. गिरणीतली नोकरी सुटल्यावर तिच्या नवऱ्याने हे कांडप टाकलं आणि दोन वर्षांत तोच गेला. पुढे डंक आणि लेक, दोन्ही तिने एकटीने सांभाळलं.

एप्रिल-मे ही तिची सुगी. गच्चीवर वाळवलेली बेडगी, संकेश्वरी घेऊन बायका रांग लावायच्या. तीन वर्षांपूर्वी ऐन मेमध्ये रस्ता खोदताना केबल तुटली. घरांतले दिवे दुसऱ्या दिवशी आले, पण ताईच्या मोटरला लागणारी थ्री फेज लाइन बावीस दिवस आली नाही. "जा गं ठाण्याला, मिरची सादळेल," असं म्हणून तिने स्वतःच गिऱ्हाइकं वाटेला लावली. नंतर बिल आलं. त्यात किमान आकार पूर्ण लावलेला, म्हणजे वीज वापरा, नका वापरू, जोडणी आहे म्हणून द्यायचीच ती रक्कम. रक्कम मोठी नव्हती. पण ताई हटूनच बसली.

"मास्तर, लिही," ती म्हणाली. शाळेत मी साधा कारकून, पण ती मला मास्तरच म्हणायची. "मी वापरली नाही असं नाही, त्यांनी दिलीच नाही. म्हणून भरणार नाही. आणि मेल्या, त्यात पाया पडू नको त्यांच्या."

माझी सगळी 'कृपया' तिने खोडायला लावली. असे तीन अर्ज झाले. वीज कंपनीतली प्रत्येक खिडकी दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवायची. ताई मात्र दर वेळी केस नीट बांधून, ठेवणीतली साडी नेसून जायची. शेवटी तक्रार मंचापुढची तारीख मिळाली आणि त्याच आठवड्यात जोडणी तोडण्याची नोटीस आली. माझा धीर सुटला. फी थकल्याच्या नोटिसा मी जन्मभर लिहिल्या आहेत, त्या कागदापुढे माणसाचं काय होतं ते मला ठाऊक होतं. ताईला न सांगता मी मोबाइलवरून बिल भरून टाकलं. वाटलं, लाइन तरी वाचेल, भांडण आपलं चालू राहील… अतिशहाणा त्याचा बैल रिकामा!

सुनावणीत कंपनीच्या साहेबाने फाइल चाळली. "बाई, बिल तुम्ही भरलंय. आक्षेप न नोंदवता. म्हणजे तुम्हाला मान्य आहे."

"तुम्हीच भरलंत ना?" मंचावरच्या बाईंनी विचारलं.

ताईने वळून माझ्याकडे पाहिलं. पैसे मी भरले, यांना माहीत नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. पण चारचौघांत लाज वाटली, जीभ उचलेना. माझी अवस्था तिला कळली असावी. "असेल. भरलं असेल मी," ती म्हणाली. दोन मिनिटांत फाइल बंद झाली.

बाहेर आल्यावर तिने मला भजी खायला घातली. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. कांडप चालू राहिलं, सीझनही आले. पण त्यानंतर तिने मला एकही अर्ज लिहायला सांगितला नाही, साधा रेशनचासुद्धा नाही.

तेराव्यानंतर दोन महिन्यांनी मनीषाने कांडप उघडलं तेव्हा मी सोबत होतो. जाळीला तांबडी पूड तशीच होती, आम्हा दोघांनाही शिंका आल्या. आत नवं बिल पडलं होतं, ताईच्याच नावाचं. वापर शून्य, किमान आकार पूर्ण.

"भरून टाकू का, काका?" तिने विचारलं. मग मला राहवेना. तेव्हाचं बिल मी भरलं होतं, हे तिला सांगितलं.

"मग तिथे बोलला का नाहीत?" मी बिलाची घडी घालत राहिलो. ती केर काढायला लागली.

तिथेच, ताईच्या स्टुलावर बसून मी अर्ज लिहिला. तीन वर्षांपूर्वीचं ते बिल अर्जदार ताईने भरलेलं नाही, तिच्या नकळत मी भरलं, तक्रार पुन्हा ऐकावी. खाली सही केली. एकही 'कृपया' घातलं नाही. सोमवारी रजा टाकून मंचाच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या मुलीने अर्ज शांतपणे, शेवटपर्यंत वाचला. मग माझ्या मागे पाहत विचारलं, "अर्जदार सोबत आल्यात का?"