फुलबॅकची बस

रविवारी चर्चच्या तळघरात व्हर्ला ह्रुस्का खसखशीचे कोलाचे, गोड पाव, ताटात मांडत होती, तेव्हा शेजारच्यांच्या सात वर्षांच्या मुलीने तिच्या स्कर्टचा काठ ओढला.

"मिसेस ह्रुस्का, मिस्टर ह्रुस्कांनी शुक्रवारी आमची गंमत केली."

"कसली गं?"

"बस जुन्या शाळेपाशी नेली. दार उघडलं आणि म्हणाले, चला, उतरा! तिथं नुसतं गवत! आम्ही इतके हसलो!"

व्हर्लाही हसली. हातातला कोलाचे ताटात ठेवला तेव्हा त्याचा मधला भाग तिच्या अंगठ्याखाली चेपून गेला होता. जुनी शाळा पाडून एकवीस वर्षं झाली होती.

वेसेली गावात डेल्मार ह्रुस्काला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. शाळेची बस तो एकोणीस वर्षं चालवत होता. सकाळी मुलांना शाळेत आणायचं, दुपारी घरी सोडायचं आणि बाहेरगावी सामना असला की शुक्रवारी अमेरिकन फुटबॉलचा संघ घेऊन जायचं. पण लोक त्याला ओळखत ते बसमुळे नाही. तेहतीस नंबरच्या जर्सीमुळे. शाळेत चार वर्षं आणि कॉलेजात तीन, डेल्मार फुलबॅक होता.

वेसेलीचा संघ चेंडू फेकत नाही. आजोबांच्या काळी फेकत नव्हता, आजही नाही. शेजारची गावं केव्हाच बदलली. त्यांचा चेंडू आता सारखा आकाशात असतो. इथं मात्र वर्षाकाठी कधी चुकून फेकला गेलाच, तर कुंपणाशी उभे असलेले म्हातारे शेतकरी ओरडतात, "अरे, ते काय कबूतर आहे उडवायला?" इथला संघ पळतो. दोन यार्ड, तीन यार्ड, पुन्हा तीन. नांगर घातल्यासारखा मैदान उकरत पुढं जातो.

आणि त्या पळण्याच्या अगदी मधोमध फुलबॅक असतो. डाव सांगणारा क्वार्टरबॅक चेंडू त्याच्या पोटाशी लावतो. मग एक तर तिथंच सोडतो, नाही तर अलगद काढून घेऊन दुसरीकडे पळतो. फुलबॅकने मात्र दोन्ही वेळा सारखंच करायचं: हात पोटाशी मिटायचे, हनुवटी छातीला लावायची आणि समोरच्या भिंतीत डोकं घालायचं. समोरच्यांना कळत नाही चेंडू कुणाकडे आहे, म्हणून ते आधी त्यालाच पाडतात. दर वेळी.

डेल्मारच्या काळात क्वार्टरबॅक होता गेलेन कोपेकी. तोच आता संघाचा कोच. शाळेच्या बसगाड्यांचा कारभारही त्याच्याचकडे होता. म्हणून सोमवारी सकाळी व्हर्ला शाळेतल्या त्याच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

तिने सगळं सांगितलं. ब्रेड आणायला गेलेला डेल्मार चार तासांनी परत आला, तेव्हा गाडीत पेट्रोलचा थेंब नव्हता आणि ब्रेडही नव्हता. गेल्या आठवड्यात त्याने विचारलं, लेनर्डचा मका कापून झाला का? लेनर्ड म्हणजे त्याचा थोरला भाऊ. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. आणि आता ही जुनी शाळा.

"त्याला बसवरून उतरव, गेलेन. मी सांगितलं तर तो मोडून पडेल. तू सांग, काही तरी कारण काढ."

गेलेनने टोपी काढली, पुन्हा घातली. "मंगळवारी जेवायला येतो," तो म्हणाला. "बघतो."

मंगळवारी तिने डुकराचं मटण, आंबवलेला कोबी आणि कणकेचे उकडलेले गोळे केले. गेलेनने दोनदा वाढून घेतलं. मग खुर्ची मागं सरकवून म्हणाला, "डेल, एकाहत्तर साल. हार्टविगचा सामना. चौथी, शेवटची संधी, दोन यार्ड हवे होते. मी कोणता डाव सांगितला?"

"चौतीस," डेल्मार म्हणाला. घास गिळायलाही थांबला नाही. "डावा गार्ड ओढून उजवीकडे आणलास. पाऊस होता. तुझी बोटं घसरत होती आणि तू आईच्या नावानं शिव्या देत होतास."

"कुणाच्या आईच्या?"

"गार्डच्या. तो तुझ्या पायावर पडला होता ना, बैला!"

दोघं हसले. गेलेनने आणखी विचारलं, डेल्मारने आणखी सांगितलं. कोण कुठं उभा होता, कुणाचा दात पडला, वारा कुठून होता. त्याचा चेहरा उजळला होता. व्हर्लाने इतक्या महिन्यांत त्याला असं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. भांडी उचलताना तिला जाणवलं की ती हरते आहे.

निघताना बाहेरच्या ओट्यावर गेलेन हळू आवाजात म्हणाला, "व्हर्ला, माझ्यापेक्षा जास्त आठवतं त्याला."

"आज वार कोणता ते विचार."

"मला तरी कुठं ठाऊक असतो! सीझनमध्ये दोनच वार. शुक्रवार, आणि शुक्रवार नसलेला." तिला हसू आलं नाही, तसा तो गंभीर झाला. "त्याचं डोकं खणखणीत आहे. थकला असेल."

"तू चेंडू त्याच्या पोटाशी द्यायचास आणि काढून घ्यायचास," ती म्हणाली. "तुला कुणी हातही लावायचं नाही. मार तो खायचा."

"अगं, तोच तर डाव होता," गेलेन म्हणाला. त्याला ते सांगण्यात काही वावगं वाटलं नाही.

शुक्रवारी सामना हार्टविगलाच होता, पासष्ट मैलांवर. दुपारी व्हर्लाने आपल्या गाडीच्या बॅटरीची तार काढून ठेवली आणि डेल्मारला म्हणाली, "गाडी चालू होत नाहीये. मी बसमधूनच येते."

"थांब, बघतो मी."

"राहू दे. उशीर होतोय."

ती बरोबर त्याच्या मागच्या बाकावर बसली. पलीकडे गेलेन मांडीवर कागद ठेवून काही आखत होता. मागं चौतीस मुलं, कुणी खात होतं, कुणी गात होतं. साडेचार वाजले होते. दोन्ही अंगांना वाळलेला मका उभा होता आणि कापणीच्या यंत्रांची धूळ रस्त्यावर इतकी साचली होती की सूर्य गंजल्यासारखा दिसत होता.

गावाबाहेरच्या पहिल्या फाट्याशी बस मंदावली. वरच्या आरशात व्हर्लाला डेल्मारचे डोळे दिसले. ते रस्ता शोधत नव्हते. ते रस्ता म्हणजे काय हेच आठवत होते.

"उजवीकडे, डेल," ती पुटपुटली.

काही झालं नाही. मागून कुणी तरी हॉर्न वाजवला.

"चौतीस," ती म्हणाली. का म्हणाली, तिचं तिलाही कळलं नाही. तीस वर्षं जेवणाच्या टेबलावर ते आकडे ऐकले होते. सम आकडा उजवीकडचा, विषम डावीकडचा.

डेल्मारचे हात लगेच फिरले. बस झोकात उजवीकडे वळली.

पुढच्या फाट्याला तिने पस्तीस म्हटलं, बस डावीकडे गेली. मग पुन्हा चौतीस. एक मुलगा मागून ओरडला, "कोच, पुढच्या वर्षी मिसेस ह्रुस्कांनाच डाव सांगायला ठेवा!" सगळे हसले. गेलेनने कागदावरून मान वर केली, आणि ती तशीच वर राहिली.

"व्हर्ला," तो म्हणाला, "काय चाललंय?"

समोर मोठा हमरस्ता आडवा होता. ‘थांबा’ची लाल पाटी धुळीतून अर्धीच दिसत होती, आणि डावीकडून मक्याने भरलेला ट्रक येत होता.

"थांब," ती म्हणाली. "डेल, थांब."

त्याचे खांदे वर आले. हनुवटी छातीला टेकली. ती पाठ तिच्या ओळखीची होती, लग्नाआधीपासूनची. बसचा वेग वाढला. व्हर्लाने मनातल्या मनात सगळे आकडे धुंडाळले. आत घुसायचे होते, वळसा घालायचे होते, हूल द्यायचे होते. थांबायचा एकही नव्हता.

गेलेनच्या गळ्यात सरावाची शिट्टी होती. ती त्याने जीव खाऊन फुंकली.

डेल्मारचा पाय ब्रेकवर पडला. बस थरथरत, तिरकी होत लाल पाटीच्या पुढं जाऊन थांबली. ट्रक इतक्या जवळून गेला की मक्याचे दाणे काचेवर तडतडले. मागं डबे घरंगळले, कुणाचं तरी नाक फुटलं.

डेल्मारने इंजिन बंद केलं. किल्ली काढली आणि शिट्टीनंतर चेंडू पंचाला द्यावा तशी शांतपणे गेलेनच्या हातात दिली.

"मिळाले का दोन यार्ड?" त्याने विचारलं.

"मिळाले," गेलेन म्हणाला. "डेल, आपण कुठं चाललोय?"

डेल्मार हसला, परक्या माणसाने रस्ता विचारल्यावर हसावं तसं. मग त्याने व्हर्लाकडे पाहिलं. तिने त्याला दंडाला धरून उठवलं, आपल्या बाकावर खिडकीशी बसवलं आणि त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं. त्याने लावू दिलं.

गेलेन किल्ली घेऊन उभा होता. तो मुलांकडे वळला. नजर एकेकावरून सरकत तिसऱ्या बाकावर थांबली. तिथं कोल्बी नोवोत्नी बसला होता, यंदाचा तेहतीस नंबर. कपाळावर हेल्मेटचा जुना वळ, गुडघ्यांवर दोन्ही मुठी. गेल्या शुक्रवारी त्याने अडतीस वेळा चेंडू नेला होता. चेंडू नसताना किती वेळा पाडला गेला, ते कुणी मोजलं नव्हतं.

गेलेनने नजर काढून घेतली. तो वळला, चालकाच्या जागी बसला आणि आरसा आपल्यापुरता नीट करू लागला.

व्हर्ला उठून तिसऱ्या बाकापाशी गेली.

"कोल्बी," ती म्हणाली, "गेल्या शुक्रवारी आपण कुणाशी खेळलो रे?"

"जिंकलो आपण, मिसेस ह्रुस्का."

"हो. पण कुणाशी?"

मुलगा हसला. मग उत्तरासाठी त्याने शेजारच्या मुलाकडे पाहिलं.

"मिसेस ह्रुस्का," गेलेन पुढून म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने तिला अशी हाक कधी मारली नव्हती. "खाली बसा. निघायचंय."