मिलिटरीला आवतण

सेवकराम गिरेपुंजे सैन्यात ड्रायव्हर होते, पण त्यांनी युद्ध पाहिलं नाही. त्यांनी बटाटे पाहिले. बटाटे, कांदे आणि पिठाची पोती डोंगरावरच्या चौक्यांना पोहोचवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि हे ते स्वतःच सांगतात. लाखनीजवळच्या आमच्या गावात निवृत्त फौजी आणखीही आहेत. त्यांच्या गोष्टींत गोळ्या सुटतात, सेवकरामांच्या गोष्टींत वळणं येतात. "डाव्या हाताले दरी, गुरुजी, आन् समोर बकऱ्या!" मी गावच्या शाळेत शिकवतो, म्हणून मला ते गुरुजी म्हणतात. पुढे काय झालं ते ऐकायला लोक थांबतात. पुढे दर वेळी बकऱ्या बाजूला होतात.

एक सवय मात्र त्यांची पक्की. पूल आला, कमान आली की आधी खाली उतरायचं, मान वर करून उंची बघायची, मग गाडी घालायची. लग्नाच्या मांडवातसुद्धा ते आधी वर बघतात आणि मग आत शिरतात.

अशा माणसाने गेल्या वर्षी उन्हाळ्याआधी लिलावात निघालेला मिलिटरीचा जुना, हिरवा रंग उडालेला ट्रक एका भंगारवाल्याकडून घेतला. नोकरीत चालवला तसाच, त्याच बनावटीचा. क्रेनला लोंबकळत तो अंगणात आला तेव्हा त्यांची पत्नी जानकीबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आधी एक म्हातारा रिटायर होऊन घरी आला. आता हा दुसरा."

गावाने ट्रकचं नाव ‘मिलिटरी’ ठेवलं. पावसाळ्यापर्यंत जानकीबाईंचा दोडक्याचा वेल त्याच्या मागच्या, ताडपत्रीसाठीच्या लोखंडी कमानींवर चढला, आणि दोडके उंचावर लागत असल्याने ते तोडायला सेवकरामांनाच वर पाठवलं जाऊ लागलं.

भांडण वेगळ्याच गोष्टीवरून होतं. सेवकरामांना ट्रक जसा होता तसा परत उभा करायचा होता. तोच दिवा, तीच ताडपत्री, तोच हिरवा रंग. त्यांचा मुलगा भूपेंद्र याला हायवेवर हॉटेल टाकायचं होतं, आणि त्याच्या मते हॉटेल म्हणजे हा ट्रकच. वरच्या कमानी कापायच्या, एक बाजू कापून काउंटर काढायचं, आत बाकडी, बाहेर रंगीत दिवे.

"बाबा, लोकं फोटो काढाले थांबतीन," तो म्हणायचा.

"फोटो काढाले लोकं अपघातापाशी बी थांबतात," सेवकराम म्हणायचे.

"मंग हिरवा रंग तरी कसा लावान? मिलिटरीचा हिरवा आपल्या गाडीले लावता येत नाई. नियम हाये."

हे मात्र खरं होतं, आणि सेवकराम नियमाचे माणूस. एकीकडे रंग लावता येत नव्हता, दुसरीकडे कापू द्यायचं मन नव्हतं. शेवटी भूपेंद्रने परस्पर बाबुलाल वेल्डरला सांगून ठेवलं, पोळा आटोपला की गॅसकटर घेऊन ये.

ही बातमी ऐकल्यापासून सेवकराम रोज सकाळी बॉनेट उघडून आत डोकं घालून बसत. काही दुरुस्त करत होते की निरोप घेत होते, ते बाहेरून कळायचं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं त्याला पळसाच्या पानाने कोमट तूप-हळद लावायची, ओवाळायचं, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. गिरेपुंज्यांची जोडी ट्रॅक्टर आला तेव्हाच विकली गेली. तेव्हापासून जानकीबाई शेजारच्या ताराचंदभाऊंच्या गोठ्यात जाऊन हात लावून येतात. एवढा हात लावल्याशिवाय त्यांना सण वाटत नाही.

त्या संध्याकाळी त्या ताट घेऊन परतल्या तेव्हा उजेड उतरत होता. अंगणात मिलिटरी उभा होता आणि त्याच्या पुढच्या दोन्ही मडगार्डांवर तूप-हळद चमकत होती. पळसाचं पान हातात धरून सेवकराम बाजूला उभे होते. ही युक्ती होती की नुसतं प्रेम, ते मी विचारलं नाही.

जानकीबाईंनी हळद पाहिली आणि जन्मभराच्या सवयीने हात पुढे गेला. कुंकू लावलं, ताट ओवाळलं, आणि तोंडातून निघून गेलं, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."



"आई, काय बोलून राहिली?" भूपेंद्र ओरडला. "तो ट्रक हाये!"

"मले का दिसत नाई?" जानकीबाई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता. "पन गेलं ना बापा आता तोंडातून. आवतन देल्लं म्हनजे देल्लं."

"मंग परवा त्याले कापू कसा?"

"ज्याले जेवाले बोलावलं त्याले कापते का कोनी?"

सून मोनिका स्वयंपाकघरातून डोकावली. "मामाजी, बैल असो का ट्रक, पाहुना वाढला का नाई तेवढं सांगा. डाळ शिजाले टाकाची हाये."

भूपेंद्रने मग डोकं चालवलं. "ठीक हाये. बैल म्हनता ना? मंग बैल आपल्या पायानं तोरनाखाली जाते. उद्या यानं आपल्या इंजिनावर जाऊन दाखवावं आन् घरी यावं. आला तर मी हात लावनार नाई. नाई आला तर बाबुलाल."

हा ट्रक घरी आल्यापासून एकदाही खोकलासुद्धा नव्हता. सेवकराम म्हणाले, "मंजूर."

पोळ्याच्या दुपारी गाव तोरणापाशी जाण्याआधी गिरेपुंज्यांच्या अंगणात जमला. दोडक्याचा वेल सोडवून कुंपणावर टाकला होता. कमानींना झेंडूच्या माळा, बॉनेटला बेगड, आरशांना शिंगांचे गोंडे. सेवकराम इस्त्रीचा शर्ट घालून वर चढले. स्टेअरिंग हातात आलं की ते हिंदीत बोलतात. "धक्का लगाओ!"

लोकांनी धक्का दिला. काही नाही. पुन्हा दिला. सर्वांत जास्त जोर कोण लावत होतं, तर भूपेंद्र. उतारापाशी मिलिटरीने एक मोठा ढेकर दिला, काळा धूर सोडला आणि चालू झाला. पहिली आरोळीही भूपेंद्रचीच होती. नंतर त्याला आठवलं की आपण दुसऱ्या बाजूचे आहोत, आणि तो तोंड फिरवून पायरीवर चढला.

गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत दोन खांबांना दोर बांधून आंब्याच्या पानांचं तोरण लावलं होतं. खाली बैल ओळीने उभे. पूजेचं ताट घेऊन ताराचंदभाऊ मधोमध. रीत अशी की झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणून होतात, पूजा होते, मग तोरण तोडतात. तोरण तुटलं की पोळा फुटला, आणि बैल घरोघरी जेवायला निघतात. आमचा पिंटू टपरीवाला झडत्यांत हुशार. ट्रक दिसताच त्याने नवी झडती रचली:

"हिरवा बैल डिझल खाय,
धूर सोडत पोळ्यात जाय!
हर बोला, हर हर महादेव!"

त्या गजरात सेवकरामांचे डोळे भरून आले असावेत. ओळीच्या टोकाला मिलिटरीसाठी जागा ठेवली होती. ते थेट तिकडे निघाले. आयुष्यभर प्रत्येक कमानीखाली उतरून वर बघणारा हा माणूस त्या दिवशी उतरला नाही. कारण त्या दिवशी त्यांच्या हातात ट्रक नव्हताच, बैल होता, आणि बैलाची उंची कोण मोजतं?

मागच्या कमानी दोरात अडकल्या. दोर ताणला, दोन्ही खांब वाकले, आणि अख्खं तोरण तुटून मिलिटरीच्या गळ्यात पडलं.

"पोळा फुटलाऽऽ!" कोणीतरी ओरडलं.

बैलांना एवढंच कळतं. पूजा नाही, टिळा नाही, सगळे घराकडे सुटले. ताराचंदभाऊ पेटलेल्या निरांजनासह जागीच राहिले. घराघरांतून बायकांचे आवाज येऊ लागले, "अजून कढई बी चढली नाई, आन् हे आले कसे?"

मिलिटरी तोरण घालून, आपल्या इंजिनावर, एकटाच घरी परतला. पैज जिंकली होती, पण सेवकराम खाली उतरले ते मान खाली घालून.

थोड्या वेळात गाव पुन्हा अंगणात आला, यावेळी जाब विचारायला. भूपेंद्र हळूच म्हणाला, "वरच्या कमानी कापल्या असत्या तर तोरन तुटलं नसतं."

सेवकरामांनी ट्रककडे पाहिलं. मग म्हणाले, "काप गा. गावाचा पोळा मोडला माह्या हातानं. बोलव बाबुलालले."

हे ऐकून भूपेंद्रच घाबरला. वडील हरतील असं त्याला वाटलं होतं, कबूल होतील असं नव्हतं.

तेवढ्यात जानकीबाई पुरणपोळीचं ताट घेऊन आल्या. "सरका. पाहुना उपाशी हाये." पोळीचा तुकडा त्यांनी बॉनेटच्या जाळीपाशी ठेवला, नमस्कार केला आणि ताराचंदभाऊंकडे वळल्या. "भाऊ, तुमच्या बैलाचं शिंग तोरनाले लागलं तर तुमी शिंग कापान का?"

ताराचंदभाऊंच्या हातात ते ताट अजून तसंच होतं. त्यांनी ट्रकला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शिंग कायले कापू? तोरन वर बांधीन." मग त्यांनी मिलिटरीला टिळा लावला. दिवसभरात टिळा मिळालेला तो एकटाच.

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी बाबुलाल गॅसकटर घेऊन आला. भूपेंद्रने त्याला ट्रकपाशी थांबूच दिलं नाही, थेट पोळ्याच्या जागेवर नेलं आणि तोरणासाठी दोन उंच लोखंडी खांब करून घेतले. हॉटेल साध्या पत्र्याच्या शेडमध्ये निघालं. त्याचे बटाटे बाजारातून सेवकरामच आणतात, आणि येताना वाटेत काय काय वळणं लागली ते गिऱ्हाइकांना सांगतात.

ट्रकला रंग अजून लागलेला नाही. मडगार्डांवरची हळद सेवकराम धुऊ देत नाहीत. यंदाच्या पोळ्याला नव्या खांबांची एकच अडचण निघाली. ते इतके उंच झालेत की तोरण बांधायला कोणाचा हात पोहोचेना. शेवटी मिलिटरीलाच आदल्या दिवशी तिथे न्यावं लागलं. त्याच्या कमानींवर चढून भूपेंद्रने दोर बांधला. खाली सेवकराम उभे होते, मान वर करून.