मेंबरबाईंनी बदललेली उत्तरं

संशोधकाला उत्तरं देणाऱ्या माणसाचं काम तसं थोडंच असतं. उत्तर द्यायचं, चहा पाजायचा आणि आपल्याला विसरून जायचं. मेंबरबाईंनी यातलं फक्त चहाचं काम नीट केलं. उत्तरं दिली ती बदलण्यासाठी, आणि विसरणं हा प्रकार त्यांच्या स्वभावातच नव्हता. मी वर्गात तास घेत असायचे, पर्समध्ये फोन थरथरायचा, आणि काही तातडीचं असेल म्हणून बाहेर येऊन उचलला की पलीकडून खणखणीत आवाज यायचा, "जय भीम. नऊ नंबरचं बदलव." हॅलो नाही, कशी आहेस नाही. सरळ नंबर.

मी तेव्हा हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि ग्रामपंचायतीतल्या महिला सदस्यांचा निर्णयांमधला सहभाग या विषयावर पीएच.डी. करत होते. राहायला हुडकेश्वरला, नोकरी हिंगण्याकडे आणि अभ्यासाला निवडलेली गावं खापरखेड्याच्या पलीकडे. स्कूटीवरून सगळं नागपूर पालथं घालायचं आणि संध्याकाळी पाठ धरून बसायचं, असा दोन वर्षांचा कार्यक्रम होता. कॉलेजात एक कायम जागा निघणार होती. तोवर पदवी हातात आली तर मुलाखत, नाहीतर पुन्हा तासांवरच दिवस काढायचे. मेंबरबाई अभ्यासाला घेतलेल्या एका गावच्या पंचायतीत राखीव जागेवर निवडून आलेल्या. वय पन्नाशीचं, शिक्षण सातवी, नवरा वीज केंद्रात कंत्राटी कामावर, आणि घर गावाच्या शेवटच्या गल्लीत, जिथवर नळाची लाइन पोचलीच नव्हती. प्रबंधात कोणाचं नाव लिहायचं नसतं, म्हणून माझ्या कागदांत त्या उत्तरदात्री क्रमांक एकेचाळीस होत्या.

पहिल्या भेटीत मी प्रश्नावली काढली, तेव्हा त्यांनी माझ्यापुढे ओल्या तुरीच्या शेंगांची टोपली सरकवली. हात रिकामे ठेवून बोलणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास नसे. मी सोले, म्हणजे ओले दाणे, काढत विचारायचं आणि त्यांनी सोले काढत ऐकायचं, अशी ती मुलाखत. पाच पर्यायांच्या प्रश्नांपाशी आलो आणि गाडी अडली. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. तटस्थ म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. ना हो, ना नाही, असं मी सांगितलं. "असं माणूस झोपेत राहते," त्या म्हणाल्या. "जागेपणी नाही राहत." मग पुढचे सगळे प्रश्न त्यांनी पर्याय चारच आहेत असं धरून सोडवले. तटस्थ हा पर्याय मी दर वेळी वाचायचे आणि त्या दर वेळी न ऐकल्यासारखं करायच्या.

त्याहून वैताग आणायची ती त्यांची उलट विचारायची खोड. तुम्ही सभांना नियमित जाता का, असं मी विचारलं की त्या विचारणार, तू जातेस का तुमच्याकडच्या सभेले? शहरात ग्रामसभा नसते, असं मी सांगितलं. मग तुमच्याकडं मेंबर कोण? सध्या कोणी नाही, निवडणूकच झालेली नाही, प्रशासक कारभार बघतात. "मंग काहून झाली नाही म्हणून तुम्ही इचारलं नाही?" मी नव्हतं विचारलं. आमच्या लेआउटमध्ये कोणीच विचारलं नव्हतं. आधीच्या नगरसेवकाचं नावसुद्धा मला ऐनवेळी आठवेना. लोकसहभागावर दोन प्रकरणं लिहून झालेली मी, आणि माझ्याकडे त्या अशा बघत होत्या की जणू परीक्षा माझीच चालली आहे. घरी येऊन शेजारच्या काकूंना ते नाव विचारलं, तर त्यांनी काळजीनं विचारलं, काय गं, काही अडलं का?

त्या दिवशी प्रश्न संपले नाहीत म्हणून प्रश्नावलीची एक प्रत मी त्यांच्याकडे ठेवून आले. ही माझी मोठी चूक. दुसऱ्या कोणी ती फडताळात कागद म्हणून अंथरली असती. मेंबरबाईंनी ती वाचली. ग्रामसभेची नोटीस तुम्हाला वेळेत मिळते का, हा प्रश्न नऊ नंबरचा. त्यांनी मला 'नाही' सांगितलं होतं. मग त्यांना वाटलं, का बरं नाही? पंचायतीच्या कार्यालयात जाऊन बसल्या आणि नोटीस हातात पडल्याशिवाय उठल्या नाहीत. लगेच मला फोन, नऊ नंबरचं बदलव, आता मिळते. मी अभ्यासासाठी प्रश्न काढले होते, त्यांनी ते कामांची यादी समजून एकेक उरकायला घेतले. अकरा नंबर झाला. चौदा नंबर अर्धा झाला, अर्धा उन्हाळ्यात होईल. मावशी, उत्तर त्या दिवसापुरतं असतं, नंतर बदलता येत नाही, हे मी त्यांना किती परीनं समजावलं असेल. त्यांचं एकच, "मी बदलली तर उत्तर काहून नाही बदलणार?" संशोधन पद्धतीची चार जाडजूड पुस्तकं माझ्या टेबलावर होती, पण याचं उत्तर मला त्यांच्यात सापडलं नाही.

सतरा नंबरनं तर पंचायतीच्याच नाकी नऊ आणले. मासिक सभेचं इतिवृत्त सही करण्याआधी तुम्ही वाचता का, असा तो प्रश्न. त्यांनी वाचायला घेतलं, तेही मागच्या दोन वर्षांचं, आणि तोवर ग्रामसेवक वहीजवळ ताटकळत बसला. प्रत्येक ठरावाखाली सूचक कोण आणि अनुमोदक कोण हे लिहावं लागतं. कोणी काही मांडलेलं असो वा नसो, ग्रामसेवक सदस्यांची नावं पाळीपाळीनं टाकून मोकळा होई. त्या वहीप्रमाणे गावाच्या तोंडाशी उभी असलेली स्वागत कमान मेंबरबाईंनी सुचवली होती. आमच्या गल्लीत पाणी नाही आणि मी कमान मागितली का, असं त्यांनी त्याला सगळ्यांसमोर विचारलं. हे सगळं मला फोनवर तपशीलवार ऐकावं लागलं. मी मात्र मनातून खूश झाले. माझा निष्कर्ष हाच तर होता की बायकांचा सहभाग वहीत असतो आणि सभेत त्या गप्प असतात. कमानीचं उदाहरण मी चौथ्या प्रकरणात घातलं. सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, समासात शाबासकीची खूण केली.

तेवीस नंबरचा प्रश्न होता, तुम्ही स्वतः एखादा ठराव मांडला आहे का? मेंबरबाईंचं उत्तर होतं, कधीच नाही. सगळे तक्ते पुरे होऊन प्रबंध टायपिंगला गेला होता. एका दुपारी मी स्टाफरूममध्ये डबा खात असताना फोन आला. "जय भीम. तेवीस नंबर." आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. नळाची लाइन शेवटच्या गल्लीपर्यंत नेण्याचा ठराव त्यांनी त्या दिवशी सभेत उभं राहून मांडला होता. पुढच्या सभेत बघू, असं सरपंच म्हणाले, तरी त्या खाली बसल्या नाहीत. शेवटी एका सदस्यानं अनुमोदन दिलं आणि ग्रामसेवकानं सूचक म्हणून त्यांचं नाव लिहिलं, या वेळी खरंखुरं. "सगळे मले खाली बस म्हणून राहिले होते," त्या म्हणाल्या. "पण बोलली मी. आता बदलव." मी हो म्हटलं, कारण जेवणाची सुट्टी संपत आली होती.

सरांना सांगितलं. ते शांत माणूस, आवाज कधी चढवत नसत. "संशोधन फोटो असतो, सिनेमा नसतो," ते म्हणाले. "माहिती घेणं बंद झालं म्हणजे झालं." मग निदान एक तळटीप टाकू का, असं मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तळटीप वाचून बाहेरचे परीक्षक विचारणार, ही बाई तुमची प्रश्नावली वाचून तर बोलायला लागली नाही ना? लागली असेल तर तुमच्या साधनानंच माहिती बिघडवली. प्रबंध दुरुस्तीला परत येणार आणि तोवर कायम जागेची मुलाखत होऊन जाणार. सर चुकीचं काही सांगत नव्हते. मला राग आला तो मेंबरबाईंचा. बाकीच्या सगळ्या बायका दिलेल्या उत्तरांवर गुमान बसल्या होत्या, यांनाच काय झालं होतं? मी तळटीप टाकली नाही, आणि टाकली नाही हे मेंबरबाईंना सांगितलंही नाही.

पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. बोलता बोलता हे मीच त्यांना सांगून बसले होते. खुली म्हणजे सभाच आहे, नोटीस काढली का, असं त्यांनी विचारलं होतं. येतील असं मला वाटलं नव्हतं. परीक्षेच्या दिवशी मी बोलायला उभी राहिले तर मागच्या रांगेत पांढऱ्या लुगड्यात मेंबरबाई. दोन बस बदलून आल्या होत्या. सगळं नीट चाललं होतं. शेवटी बाहेरच्या परीक्षकांनी सहज विचारलं, तुमच्या अभ्यासातल्या एखाद्या सदस्येनं पुढे प्रत्यक्ष ठराव मांडल्याचं आढळलं का? मी सरांकडे पाहिलं. सर टेबलाकडे पाहत होते. "नाही सर," मी म्हटलं. "तसं आढळलं नाही."

मग अध्यक्षांनी पद्धतीप्रमाणे विचारलं, उपस्थितांपैकी कोणाला काही विचारायचं आहे का? मेंबरबाई उठल्या. "मले इचाराचं काही नाही," त्या म्हणाल्या. "ही पोरगी दोन वर्षं आमच्या घरी आली. लय मेहनत केली तिनं. सोले बी काढले." सगळे हसले, परीक्षक हसले, आणि मी डॉक्टर झाले.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं. मी काहीतरी पुटपुटत होते, नियम, मुदत, सर. त्यांनी ऐकून घेतलं. "तुह्या नोकरीचं होतं, मले समजते," त्या म्हणाल्या. "पण आढळलं नाही असं काहून म्हटलं वं? मी तर तुले फोन केला होता." एवढं बोलून त्या बस निघून जाईल म्हणून घाईनं गेल्या.

मुलाखत झाली, मला जागा मिळाली. त्यांच्या गल्लीत नळ आला. प्रबंधाची एक बांधलेली प्रत मी त्यांना नेऊन दिली, ती माझ्या मनाच्या समाधानासाठी. वाटलं होतं आता तरी फोन थांबतील. कसले थांबतात. एकतीस नंबर झाला, छत्तीस नंबर होत नाही, काय करू? पदवी मिळून गेली आहे, आता उत्तरांचा कोणाला काही उपयोग नाही, असं मी एकदा चिडून सांगितलंही. तुले नसन, मले आहे, असं म्हणून त्यांनी छत्तीस नंबरवर माझा पुढचा अर्धा तास खाल्ला.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते. नंबर बघितला आणि सवयीनं कपाळावर हात मारला. बोलत होती त्यांची सून. दोन दिवस ताप आला आणि मेंबरबाई गेल्या.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या शोकसभेला, मी गेले. घरासमोर मांडव घातला होता. वंदना झाली, सरपंच बोलले, ग्रामसेवकही दोन शब्द बोलला. मग सुनेनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून माझा प्रबंध काढून माझ्या हातात दिला. "आमच्या बाई सगळ्यायले सांगे, पोरीनं माह्यं सगळं लिहिलं त्यात," ती म्हणाली. "तेवढं वाचून दाखवा, मॅडम." त्यात नाही हे मेंबरबाईंना माहीत होतं. तरी घरात, गल्लीत त्यांनी माझी लाज राखली होती. मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मी मागचा तक्ता उघडला. क्रमांक एकेचाळीस, प्रश्न तेवीस, कधीच नाही. मान वर केली तर गल्लीतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी पानावर बोट ठेवलं आणि वाचत असल्यासारखं करून म्हणाले, या सदस्येनं मासिक सभेत स्वतः उभं राहून शेवटच्या गल्लीच्या नळाचा ठराव मांडला. बायकांनी माना हलवल्या. एकीनं डोळ्यांना पदर लावला.

लोक पांगल्यावर सून पेन्सिल घेऊन आली. पान कोणतं, तिनं विचारलं. तिला त्या पानाची झेरॉक्स काढून बाईंच्या फोटोशेजारी लावायची होती. तिनं सगळा प्रबंध दोनदा चाळला होता आणि तिला त्या कुठं सापडल्या नव्हत्या. मी म्हटलं, "यात नाही लिहिलेलं. मला माहीत होतं, तरी मी लिहिलं नाही."

तिनं पेन्सिल माझ्यापुढे धरली. "मंग आता लिहा, मॅडम."

मी प्रबंध मांडीवर घेतला आणि तक्त्याखालच्या मोकळ्या जागेत लिहिलं. क्रमांक नाही, मेंबरबाईंचं पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी कोणता ठराव मांडला ते लिहिलं, मला ते त्याच दुपारी कळलं होतं हेही लिहिलं आणि खाली सही केली. सगळं मिळून तीन ओळी झाल्या.