कोंड्यातल्या अळ्या

माझा धाकटा भाऊ पुण्यात मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेरावं उरकलं आन् त्याच्या खोलीतला दोस्त सामान घेऊन आमच्याकडं डोंगरकड्याला आला. कपड्यांची बॅग, आन् एक जाळीचा पिंजरा. आत हिरवागार सरडा. आपल्याकडं बांधावर रंग पालटणारा घोयरा दिसतो ना, त्यातलाच. पर हा परदेशी, भावानं हौसेनं पाळलेला. संग एक डबा, त्यात गव्हाच्या कोंड्यात वळवळणाऱ्या पिवळ्या अळ्या.

"दादा, याला मेलेलं चालत नाही," दोस्त म्हणला, "हललं तरच खातो."

माझं टाळकंच सरकलं. "घ्या! घरात मयत झालीय आन् आता सरड्याची खानावळ चालवा!" मी पिंजरा शेतात नेऊन सोडून देणार व्हतो. मायनं तो माझ्या हातातून ओढून घेतला.

भाऊ गेल्यापासून मायनं अन्न सोडल्यागतच व्हतं. चहात भाकरीचा तुकडा बुडवायची, तोबी आमी ओरडलो तर. हाडं वर आली व्हती. त्या दिवशी तिनं चिमट्यात अळी धरून पुढं केली. सप्पकन जीभ बाहेर आली आन् अळी गायब. माय दचकून मागं सरली, मग म्हणली, "भूक लागली व्हती गं बाई याला!" त्या सांजेला ती आपणहून ताटावर बसली. मग मी कशाला तोंड उघडतो? सरडा जगला तर माय जेवणार, एवढं मला कळत व्हतं.

जन्मभर जिनं गव्हात अळी दिसली की कोंबड्यांपुढं फेकली, तीच आता अळ्यांना गाजराचे काप टाकू लागली. पानांवर पाणी शिंपडायची, पिंजरा उन्हात न्यायची, तळहाताच्या फोडावानी जपायची. गल्लीतल्या बाया हसायच्या, "सरड्याची धाव कुंपणापोतर, तुमच्याची तर जाळीपोतरच की वो!"

"असू द्या," माय म्हणायची, "घरात तर हाये." 

थंडीत डब्यातला कोंडा अळ्यांनी खाऊन संपवला. मायनं कोठीतले गहू जात्यावर भरडून, चाळून नवा कोंडा घातला. पुढं अळ्या सुस्तावल्या. तिला वाटलं, गारठ्यानं. मग ती चिमट्यात धरून त्या हलवायची, म्हंजी सरड्याला जित्या दिसाव्या. तो खायचा. हळूहळू तो भरदिवसा डोळे मिटून बसायला लागला, अंगाचा रंग राखेवानी झाला. एका सकाळी फांदीखाली मरून पडलेला घावला.

बायकोनं डबा उघडून पाहिला. सगळ्या अळ्या काळ्या पडून मेलेल्या. तिनं सासूला इचारलं, "आत्याबाई, कोंडा कोणत्या गव्हाचा व्हता?"

मायचं तोंड पांढरंफटक पडलं. कोठीतल्या गव्हाला कीड लागू नये म्हणून दर सालासारखी तिनंच त्यात पावडर कालवली व्हती. आमच्यासाठी दळायचा असला की ती तो गहू धुऊन, वाळवून घ्यायची. अळ्यांसाठी कुठं धुवायचा, म्हणून तसाच भरडला.

"थंडीनं गेला गं माय," मी खोटं बोललो. "परदेशातलं जनावर, त्याला आपला गारठा काय झेपून राहिला!"

"काहून लबाड बोलतोस लेका?" ती म्हणली. "धाकटं गेलं तवा म्या म्हणलं, देवाची मर्जी. ह्याला काय म्हणू? ह्याला तर म्या माझ्या हातानं चारलं."

सांजेला बायकोनं ताट वाढलं. मायनं दोन्ही हात पदराखाली घेतले, ते बाहेर काढलेच न्हाईत. मी घास करून तिच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड फिरवलं.