डस्कला झोपायचं नाही

मी पनवेलजवळच्या कोन गावातून स्कॉटलंडला निघाले तेव्हा सुमो दारात होती, बॅगा टपावर चढल्या होत्या आणि आई बॉनेटसमोर दोन्ही हात पसरून उभी होती. तिन्हीसांजा झाल्या होत्या ना!

"मावशी, विमान थांबत नाय!" ड्रायव्हर रडकुंडीला आला.

"नाय थांबला तर नाय. लक्षुमी घरात यायच्या टायमाला माजी पोर भायेर जानार नाय. दिवं लागूं दे."

दिवे लागले, गाडी हलली, विमान मिळालं. त्याचं श्रेय आई लक्ष्मीला देते आणि ड्रायव्हर स्वतःला.

चाळिशी उलटलेली बाई परदेशी वृद्धाश्रमात नोकरीला जाते, याचं गावाला भारी नवल. पण माझी तयारी जय्यत होती. पनवेलला मुकादमसरांच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला मी चार महिने जात होते. सर वीस वर्षं आखातात काढून परतलेले. लोडशेडिंगमुळे क्लास रोज अंधारात. सर म्हणायचे, "लाइट येईल इन्शाअल्ला, तोवर अंधारच शिकू. बाई, अंधार एक नसतो. व्होल्टेज उतरल्यावरचा बल्ब, तो डिम. सूर्य बुडाला पण समोरचा माणूस ओळखू येतो, ती वेळ डस्क, आणि तिचा उजेड ट्वायलाइट. पिच म्हणजे डांबर. पळस्प्याला रस्ता करताना पिंपात उकळतं ना? त्यात डोकावून बघा. तो पिच डार्क! आणि पहाटे फजरची बांग होते, ती डॉन."

एवढी शिदोरी घेऊन मी पोचले. नोकरी तीन महिने कच्ची. मॅनेजरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की काम पसंत पडलं नाही, तर परतीचं विमान.

आणि डिसेंबर आला. त्या गावात डिसेंबरात सूर्य साडेतीनला बुडतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं! हॉलमध्ये अकरा म्हातारी माणसं जेवून खुर्च्यांत गाढ झोपलेली. मी एकटी ड्युटीवर. खिडकीबाहेर बघते तर काय, तिन्हीसांजा! आणि अख्खं घर घोरतंय! माझ्या अंगात आईच शिरली. फटाफट सगळी बटणं दाबली, टाळ्या वाजवल्या आणि ओरडले, "वेक अप! वेक अप! इट इज डस्क!"

एका आजोबांना वाटलं आग लागली. एका आजीने नाश्ता मागितला. मॅनेजरबाई धावत आल्या.

"काय चाललंय?"

"नो स्लीपिंग इन डस्क, मॅडम. लक्ष्मी इज कमिंग."

त्यांनी पाहुण्यांचं रजिस्टर उघडून पानभर बोट फिरवलं. "या नावाचं आज कोणीच येणार नाहीये."

हसताय? पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात हजर राहण्याची चिठ्ठी हातात पडली. त्या रात्री बॅग पलंगाखालून बाहेर काढून ठेवली. गावात काय तोंड दाखवू, याचीच उजळणी करत बसले.

सकाळी ऑफिसात गेले तर मॅनेजरबाई रात्रपाळीचं रजिस्टर उलटसुलट करत होत्या. रोज रात्री त्या अकरा जणांच्या मिळून वीस-पंचवीस घंट्या वाजायच्या. झोप येत नाही, पाणी द्या, किती वाजले. आदल्या रात्रीचं पान मात्र जवळजवळ कोरं होतं.

तेवढ्यात वॉकर ठकठक आपटत मॉरागबाई आत आल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या निवृत्त मास्तरीण, तोंडाने फटकळ. म्हणाल्या, "दुपारभर झोपवता आणि रात्रभर छताकडे बघायला लावता! काल मला हिने उठवलं. किती वर्षांनी मी काळोख पडताना पाहिला. आणि सकाळपर्यंत मेल्यासारखी झोपले. हिला घालवलीत, तर मी रोज रात्री दर दहा मिनिटांनी घंटा वाजवीन."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि हे बघ, आमच्याकडे याला ग्लोमिंग म्हणतात. डस्क घड्याळात असतो, ग्लोमिंग मनात. नीट शीक."

नोकरी पक्की झाली. हिवाळ्यात सगळ्यांना उठवून चहा द्यायची वेळ साडेतीन ठरली, दिवे लावून, खिडक्यांचे पडदे उघडे ठेवून. मुकादमसरांना फोन करून ग्लोमिंग सांगितला, तर म्हणाले, "सुभानल्ला! हा आमच्या अरबाला पण माहीत नव्हता."

या गोष्टीला सात वर्षं झाली. गेल्या सुट्टीत कोनला आले होते, तेव्हा शेजारीण म्हणाली, "आता तुजा खरा घर कंचा गो?" तिथे मी हसून वेळ मारून नेली. इथे सांगते.

रविवारी माझी सुट्टी. जेवून सोफ्यावर आडवी होते आणि डोळा लागतो. हिवाळ्यात बरोबर साडेतीनला फोन खणखणतो. नमस्कार नाही, चौकशी नाही. नव्वदी ओलांडलेल्या मॉरागबाई एकच शब्द ओरडतात, "डस्क!" आणि फोन आपटतात. मी मुकाट्याने उठते आणि दिवा लावते.